सतरा दाणे

"तुमच्या मठाचं रक्षण कोण करतं?" असं बिशपच्या तपासनिसानं विचारलं, तेव्हा मठाच्या थोरल्या आई युफ्रासिया यांनी क्षणभरही न थांबता सांगून टाकलं, "परटीण करते."

तपासनीस हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या पाचिफिकाच्या मनात तेव्हाच आलं, की आता आपलं काही खरं नाही. अशा उत्तरावर जो माणूस हसत नाही आणि वर ते लिहून घेतो, तो जाताना काहीतरी बंद करूनच जातो.

पाचिफिका म्हणजे आपल्या भाषेत शांता. दीक्षा घेताना जुनं नाव टाकून नवं घ्यावं लागतं, ते हे. देणाऱ्या बिशपनं तिला आधी पाच मिनिटं बोलताना ऐकलं असतं, तर दुसरं काहीतरी शोधलं असतं. गावातल्या रंगाऱ्याची ती मुलगी. तिची नखं मठात येऊन तेवीस वर्षं झाली तरी कडेला निळी होती आणि जीभ बापासारखी तिखट. दारावर हीच बरी, असं सगळ्यांचं मत पडलं आणि दाराचं काम तिच्याकडे आलं.

आई खोटं मात्र बोलल्या नव्हत्या. मठ गावाच्या तटाबाहेर, वर चेस्टनटचं रान, खाली नदी. आत सतरा जोगिणी, तीन कामकरी बहिणी आणि एक चिडका कोंबडा. नदीवर धुण्याचा मोठा दगड होता आणि त्या दगडावरून पुलापलीकडचा रस्ता पार वळणापर्यंत दिसायचा. त्या दगडावर मेनिका परटीण रोज उजाडल्यापासून वाकलेली असायची. तिच्याकडे सासूची एक लाल घोंगडी होती. रस्त्यावर हत्यारवाली अनोळखी माणसं दिसली, की ती घोंगडी पाण्यात बुचकळून झुडपावर पसरायची. द्राक्षांच्या मांडवात काम करणाऱ्या कुणा ना कुणा जोगिणीला तो लाल डाग दिसायचाच. ती टाळ्या वाजवायची, सगळ्या आत पळायच्या. आणि मग दार लावलं जायचं नाही. नदीकाठच्या बारा घरांतल्या बायका, पोरी, तान्ही मुलं, एखादी शेळी, सगळं आत येईपर्यंत ते उघडं राहायचं. शेवटी मेनिका ओल्या पायांनी यायची आणि म्हणायची, "आलं सगळं. घाला अडसर."

हा करार कुणी कागदावर लिहिला नव्हता. जोगिणींच्या आज्यांच्या काळातही असंच चालायचं म्हणे.

एकदा तर बरीच मोठी टोळी आली होती. दार फोडायचंच असं ठरवून आलेली. तेव्हा मेनिका पाचिफिकाला म्हणाली, "ताई, साथीच्या घरावर गवताची पेंढी बांधतात ना? बांधा की आपल्या दारावर."

"अगं, पण साथ कुठाय?"

"तुमच्याकडं चाळीस बायका आहेत आणि तुम्ही साथ कुठून आणू विचारता!"

पेंढी बांधली. बायका अंगणात आडव्या पडून कण्हायला लागल्या. गिरणीवालीनं तर असा सूर लावला, की युफ्रासिया आई खऱ्याच घाबरल्या आणि तेल घेऊन धावल्या. शिपाई भिंतीपाशी थांबले, ऐकलं आणि पायाला पाय लावून पळाले. मेनिकाची मुलगी फियोरे तेव्हा सात वर्षांची. पाचिफिकाच्या मांडीवर बसून तीही मन लावून कण्हत होती आणि मध्येच विचारत होती, "अजून मरायचं का, ताई?"

हे सगळं तपासनिसाला सांगितलं असतं तर त्यानं तेही लिहून घेतलं असतं.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी हुकूम आला. जोगिणींनी जगापासून पूर्ण आड राहावं. एक तर तटाच्या आत राहायला जावं, नाहीतर आहे तिथेच भिंत दोन पुरुष उंच करावी. आईंना द्राक्षांचा मांडव सोडवेना, म्हणून भिंत उंच झाली. नदीकडच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. भेटीच्या खोलीत लोखंडी जाळी बसली, तिच्यावर काळं कापड. दाराला तीन कुलपं आली. एक किल्ली आईंकडे, एक धाकट्या आई दोरोतेया यांच्याकडे आणि एक पाचिफिकाकडे, म्हणजे तिघी एका मताच्या झाल्याशिवाय दार हलायला नको. रोजची देवघेव करायला भिंतीत एक लाकडी पिंप बसवलं. एका बाजूनं उघडं आणि खुंटीवर गरगर फिरणारं. बाहेरच्यानं आत ठेवावं, फिरवावं, आतलीनं काढून घ्यावं. आवाज ऐकू येई, तोंड दिसत नसे. त्याला सगळ्या 'चाक' म्हणायला लागल्या. त्या चाकाशी बसणं हे पाचिफिकाचं नवं काम.

आणि हुकुमाच्या शेवटी ती ओळ होती. बिशपच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला, बाई असो की मूल, उंबऱ्याच्या आत जो घेईल तो धर्माबाहेर. त्याला ख्रिस्तप्रसाद नाही आणि मेल्यावर पवित्र माती नाही.

"म्हणजे आता मी पसरलेली घोंगडी कुणाला दिसणार?" मेनिकानं चाकातून विचारलं. चाक बसलं त्याच आठवड्यातली गोष्ट.

"भिंत उंच झालीय गं. आता गरज नाही पडायची."

"तुम्हाला नाही पडायची," मेनिका म्हणाली आणि धुतलेल्या चादरींचं गाठोडं चाकात ठेवलं.

चार वर्षं खरंच काही झालं नाही. मग ईस्टरआधीच्या पुण्यसप्ताहातल्या सोमवारी, दुपारची जेवणं होतात न होतात तोच चाकावर थापा पडल्या.

"ताई! पाचिफिकाताई!"

"आले, आले. चाक आहे ते, ढोल नाही."

"ताई, शिपाई येतायत. दोनशे तरी असतील. गिरणीवाला खेचराला टाच मारत आलाय सांगत. लढाईहून परततायत."

लढाईला जाणाऱ्या शिपायापेक्षा परतणारा वाईट, असं त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जाणाऱ्याला पुढे कुणाची तरी भीती असते.

"किती लांब आहेत?"

"जुन्या चॅपेलपाशी. वाटेत लुटत येतायत म्हणून उशीर. सूर्य कलायच्या आत पुलावर येतील. तुमचं सगळं बंद आहे ना?"

पाचिफिकाला पुढे कितीतरी वर्षं हे आठवायचं, की मेनिकानं आधी त्यांचं विचारलं.

"आमचं बंद आहे. तुमचं काय?"

"बाकीच्या निघाल्या. ज्यांची माणसं गावात आहेत, त्यांना तटाच्या आत घेतलं. आमचं गावात कोण आहे? बाकीच्या डोंगरातून पलीकडच्या खोऱ्यात चालल्यात. माझा गुडघा तुम्हाला माहीत आहे. मला नाही जमायचा चढ. माझं राहू द्या, म्हातारीला कोण काय करतंय. पण फियोरेला घ्या."

चाकाच्या फटीतून दुसरा श्वास ऐकू येत होता. धाप लागलेला, तरुण. फियोरे आता पंधरा वर्षांची होती.

"मग ती बाकीच्यांबरोबर का नाही..."

"ती मला सोडून जाईना. टाळकं फिरलंय तिचं. तुम्ही घेतलंत तर राहील. दोन दिवस, ताई. कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवा."

आतून पाचिफिकाच्या तोंडून जे निघालं ते तिनं विचार करून काढलंच नव्हतं. भिंत उंच होण्याआधी तेवीस वर्षं जे म्हणायची तेच ती म्हणाली, "थांब. उघडतो आम्ही. इथंच थांब हं, कुठं जाऊ नकोस."

"थांबतो," मेनिका म्हणाली.

युफ्रासिया आई औषधांच्या खोलीत होत्या. ऐकलं आणि त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "मेनिकाची पोर! अगं, मग घ्यायलाच हवी." मग त्यांचा हात कमरेच्या किल्लीपाशी गेला आणि तिथेच थांबला. "दोरोतेयाला बोलाव."

दोरोतेया दुष्ट नव्हती. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. ती नियमांची बाई होती. लहानपणी तिचं घर पुरात वाहून गेलं होतं आणि तेव्हापासून भिंतीवर तिचा विश्वास होता.

"आई, तुम्ही एकटीनं हो म्हणालात तर सतरा आत्म्यांचा भार तुमच्या एकटीवर," ती म्हणाली. "आणि एकीला घेतलं की बाकीच्या अकरा घरांना काय सांगायचं? एवढी मोठी गोष्ट सभेपुढे जायला हवी. तसा नियमच आहे."

"सभेला वेळ आहे का?" पाचिफिका म्हणाली. "शिपाई काय प्रार्थना संपेपर्यंत पुलावर थांबणारेत?"

"तुझी किल्ली तुझ्याकडे आहे, माझी माझ्याकडे. सभा हो म्हणाली तर मी पळत येऊन उघडीन. तू मागे राहशील."

आईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "हो, सभाच बरी. सगळ्यांना मेनिका आवडते. होऊनच जाईल."

घंटा झाली. सतरातल्या सोळा जणी सभेच्या खोलीत जमल्या. पवित्र आत्म्याला हाक मारायचं गाणं म्हटलं, कारण त्याच्याशिवाय केलेली सभा धरत नाहीत. सात कडवी. पाचिफिकाला चौथ्या कडव्यापाशी गाणाऱ्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. मग दोरोतेयानं हुकुमाची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. मग आईंनी दोन वाक्यांत प्रश्न मांडला, पण वाक्यं संपता संपेनात.

मत द्यायची पद्धत पूर्वीपासूनची. प्रत्येकीला पावट्याचे दोन दाणे मिळत, एक पांढरा, एक काळा. कापडाखाली हात घालून एक मडक्यात टाकायचा आणि दुसरा शेजारच्या टोपलीत. पांढरा म्हणजे होय, काळा म्हणजे नाही. कुणी काय टाकलं ते देवाला माहीत. नवी मुलगी मठात घ्यायची का, आईपदी कुणाला बसवायचं, डुक्कर विकायचं का, सगळं असंच ठरायचं.

आजारी जोगिणीचं मत आधी घ्यायचं, म्हणून दोरोतेया आणि पाचिफिका मडकं घेऊन म्हाताऱ्या लुचीनाच्या खाटेपाशी गेल्या. लुचीनाला सहा वर्षांपासून दिसत नव्हतं.

"काय ठरवायचंय?" तिनं विचारलं.

"मेनिकाच्या मुलीला आत घ्यायचं का."

"त्यात ठरवायचंय काय?" लुचीना खेकसली. "पांढरा कुठला तो माझ्या हातात द्या. आणि दोरोतेया, काळा देऊ नकोस. मी चावून बघीन."

पाचिफिकाला हसू आलं. मडक्यात दाणा टुणकन वाजला आणि तिचा जीव भांड्यात पडला. हिचं असं, तर बाकीच्यांचं वेगळं काय असणार? मेनिकानं यातल्या एकेकीचे कपडे, आजारपणातली घाण, पहिल्या वर्षी रडून भिजवलेल्या उशा धुतल्या होत्या. फियोरेला सगळ्यांनी मांडीवर घेतलं होतं.

परत खोलीत आल्या. एकेक जण पुढे जाऊ लागली. कापडाखाली हात, टुण, मागे फिरणं. कुणाचे डोळे वर नव्हते. पाचिफिकाची पाळी नववी.

आता तिनं त्या वेळी नेमका काय विचार केला, ते तिनं पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं आणि प्रत्येक वेळी तो विचार जरा बरा दिसेल असा करून बघितला. तो झाला नाही. तिला तिची आत्या आठवली. आत्या धर्माबाहेर पडून मेली होती, कशापायी ते लहानपणी कुणी सांगितलं नाही. तिला गावाच्या उकिरड्यापलीकडे पुरलं होतं आणि पाऊस लागला की तिथली माती खचायची. बाप दर हिवाळ्यात जाऊन फावड्यानं ती परत चढवायचा आणि घरी येऊन कुणाशी बोलायचा नाही. पाचिफिका शिपायाला भीत नव्हती, बिशपला भीत नव्हती. त्या मातीला भीत होती. आणि मग तिच्या मनात दुसरा विचार आला, अगदी हलका, बाजारात भाव करताना येतो तसा: दार तर उघडणारच आहे. बाकीच्या उघडतीलच. मग आपला एक काळा असला तर बिघडतं कुठं? पोरही आत येईल आणि शेवटच्या दिवशी देवापुढे आपला हातही कोरा राहील.

तिनं काळा टाकला. टाकताना तिला वाईटही वाटलं नाही. उलट आपण दोन्हीकडची व्यवस्था लावली, असं वाटलं.

सतरावी येऊन गेली. आईंनी मडकं टेबलावर पालथं केलं.

काळे दाणे टेबलभर पसरले, एक घरंगळत काठापर्यंत गेला आणि थांबला. आईंनी बोटानं ढकलत मोजले. मग पुन्हा मोजले.

"चौदा काळे," त्या म्हणाल्या. "तीन पांढरे."

पाचिफिकानं वर बघितलं. सोळाही जणींनी वर बघितलं होतं. आणि एकीच्याही तोंडावर 'मला ठाऊकच होतं' असा भाव नव्हता. सगळ्यांची तोंडं सारखी होती, दिवा कुणीतरी लावला असेल म्हणून अंधारात खोलीत शिरलेल्या माणसाची असतात तशी. दोरोतेयाचं सुद्धा.

"आई, पुन्हा टाकू या," पाचिफिका म्हणाली.

"एका प्रश्नावर एका दिवसात दोनदा नाही टाकता येत," दोरोतेया म्हणाली. पण हळू. जणू कुणीतरी तिला खोटं पाडावं.

कुणी पाडलं नाही. आई म्हणाल्या, "देवाची इच्छा." त्यावरचं आमेन इतकं बारीक झालं, की कोंबडा ओरडला तो त्याहून मोठा वाटला.

पाचिफिका चाकापाशी आली. सगळं धरून तास होऊन गेला होता.

"ताई? उघडताय ना? वळणावर धूळ दिसायला लागलीय."

"मेनिका..."

"किल्ली सापडत नाहीये का?"

"नाही गं. किल्ल्या आहेत. नाही म्हणाल्या."

"कोण म्हणाल्या?"

कोण म्हणाल्या, हे सांगायला पाचिफिकाला सतरा नावं घ्यावी लागली असती, आणि नवव्या नावावर ती अडली असती.

बाहेरून फियोरेचा आवाज आला, "आई, चल ना. चल म्हणते ना मी."

पाचिफिकानं स्वयंपाकघरात धावत जाऊन हाताला लागेल ते टोपलीत भरलं. तीन पाव, चीजचा गोळा, सुकी अंजिरं. टोपली चाकात ठेवली आणि फिरवलं. तिला वाटलं, टोपली तशीच परत येईल. तसं झालं नाही. चाक फिरलं, तेव्हा पाव, चीज आणि अंजिरं नव्हती. टोपली मात्र होती. मठाची होती ती.

शिपाई आले. आत फक्त आवाज येत होते, कारण बघायला खिडकी नव्हती. माणसांचे, घोड्यांचे, कुणाच्या तरी कोंबड्यांचे. दारावर चारपाच लाथा बसल्या. कुणीतरी भिंतीची उंची बघून शिवी दिली आणि सगळे पुढे गेले. मठाची एक वीट हलली नाही. तपासनिसाचं अगदी बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी गिरणीवाली चाकापाशी आली. साथीच्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं कण्हलेली तीच. आज आवाज खाली होता. दोघी मायलेकी मागच्या शेळ्यांच्या वाटेनं वर गेल्या होत्या. मेनिकाच्या गुडघ्यानं चेस्टनट वाळवायच्या झोपडीपाशीच हात टेकले. फियोरे तिला सोडून पुढे जाईना. शिपायांची एक तुकडी सरपणाला वर आली होती.

"मेनिकाला ढकलून दिलं. डोकं फुटलंय, पण बरी होईल," गिरणीवाली म्हणाली. "पोरीला नेलं."

शनिवारी फियोरे आपल्या पायांनी चालत परत आली. काय झालं ते गिरणीवालीनं सांगितलं नाही आणि पाचिफिकानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. सतरा जणी रांगेनं गुडघ्यावर बसल्या, सतरा जणींना ख्रिस्तप्रसाद मिळाला. पाचिफिकाच्या जिभेवर तो ठेवला, तेव्हा तिला पिठाची चव लागली. फक्त पिठाची.

नंतर मठात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. भाजी निवडताना, सूत कातताना, कुणी विचारलेलं नसताना एखादी हळूच म्हणायची, "मी तर पांढराच टाकला होता." लुचीनाचा एक सोडला, तर उरलेले दोन पांढरे दाणे वर्षभरात निदान नऊ जणींनी टाकलेले होते. पाचिफिकानं कधी तसं म्हटलं नाही. तिखट जीभ या एकाच बाबतीत तिच्या उपयोगी पडेना. 'तू खोटं बोलतेस' असं कुणाला म्हणायचं, तर 'तुला कसं माहीत' हा प्रश्न आलाच असता.

मठाचे कपडे आता दुसऱ्याच कुणा बाईकडे जात होते. ती ते करडे करून आणायची.

ईस्टर होऊन चाळीसेक दिवस झाले असतील. सकाळी चाकावर टकटक झाली, एकदाच, हळू.

"मेनिका आहे," बाहेरचा आवाज म्हणाला. "फियोरेची कापडं न्यायला आलेय."

नदीकाठच्या घरांना पूर लागे, आग लागे, चोर लागत. म्हणून मुलीच्या लग्नासाठी आया जे विणत, ते दरवर्षी एकेक करून मठात आणून ठेवत. कोठीत प्रत्येकीची पेटी होती. फियोरेची पेटी अक्रोडाच्या लाकडाची होती, तिच्या बापानं मरायच्या आधी केलेली.

"लग्न ठरलं?" पाचिफिकाच्या तोंडून गेलं आणि तिनं ओठ चावला.

"नाही. माझी बहीण आहे, दोन-तीन खोरी ओलांडून, फार लांब. तिच्याकडं पाठवतेय. तिथं कुणाला काही ठाऊक नाही. रिकाम्या हातानं कशी पाठवू?"

पेटी चाकात मावणार नव्हती. ती द्यायची तर दार उघडायला हवं होतं, आणि दारासाठी बिशपची चिठ्ठी. पाचिफिकानं दोन कामकरी बहिणींना हाताशी घेऊन पेटी चाकापाशी ओढत आणली, त्यांना घालवून दिलं आणि एकेक कापड काढायला सुरुवात केली. चादर ठेवायची, चाक फिरवायचं. बाहेर कापड झटकल्याचा आवाज यायचा, घडी मोडून पुन्हा घातल्याचा. मेनिका प्रत्येक कापड बघून घेत होती. पूर्वी ती कधी बघत नसे.

सहा चादरी गेल्या. दोन टेबलावर घालायची कापडं. एक लहान रुमाल, त्याच्या कडेला वेड्यावाकड्या टाक्यांचा कोंबडा. तो फियोरेनं पाचिफिकाजवळ बसून शिवला होता आणि तो कोंबडा नसून देवदूत आहे असं तिचं म्हणणं होतं.

"कशी आहे ती?"

"जेवते. कामं करते. रात्री माझा हात धरून झोपते."

चाक थांबलं होतं. पाचिफिकाचा हात त्याच्या कडेवर होता.

"मेनिका, मला एक सांगायचंय. आम्ही त्या दिवशी दाणे टाकले. पांढरा म्हणजे घ्यायचं, काळा म्हणजे नाही. मी काळा टाकला."

"काय टाकलंत?"

तिनं सांगितलं. मडकं, कापड, सात कडवी, लुचीना. आत्याची माती सुद्धा सांगितली. दुसऱ्या उघडतील असं वाटलं, तेही सांगितलं. बोलायला लागली तशी थांबता येईना.

"पावट्यांवर ठरवलंत," मेनिका म्हणाली. आवाजात राग नव्हता. नवल होतं. "किती काळे निघाले?"

"चौदा."

"तुमचा पांढरा असता तर?"

"तेरा निघाले असते."

"म्हणजे उघडलं नसतंच."

"नसतं."

"मग मला कशाला सांगता?"

पाचिफिकानं इतक्या दिवसांत स्वतःला सगळं विचारलं होतं, हे नव्हतं विचारलं.

"पावट्याचं मला काही नाही," मेनिका म्हणाली. "चौघींना भीती वाटली, चौदा जणींना वाटली, मला काय. मलाही वाटते. पण तुम्ही मला 'थांब' म्हणालात, ताई. तास गेला त्यात. पहिल्यांदाच 'जा' म्हणाल्या असतात, तर बसत-उठत का होईना, माझ्या गुडघ्याला घेऊनसुद्धा डोंगरावरची खिंड गाठली असती आम्ही. मी चाकापाशी येतानाच हिशोब केला होता. पण तुम्ही 'थांब' म्हणालात आणि मला वाटलं, पाचिफिकाताई म्हणतायत ना."

आत कोठीच्या बाजूनं कुणीतरी चालत आलं, चाकापाशी माणूस आहे असं बघून परत फिरलं.

"मी तुझ्यासाठी रोज..." पाचिफिकानं सुरुवात केली.

"नको. मी तुमचं पुष्कळ धुतलंय. हे नका देऊ माझ्याकडं."

मग बाहेर ती गाठोडं आवळत होती, त्याचा आवाज आला.

"अजून आहे का पेटीत?"

पाचिफिकानं वाकून बघितलं. तळाशी चार चादरी होत्या, अगदी पहिल्या वर्षांच्या, जाड सुताच्या, मेनिकाचा हात विणकामात बसायच्या आधीच्या.

"चार आहेत."

"द्या मग. बैलगाडी थांबलीय."

तिनं पहिली उचलली, चाकात ठेवली आणि चाक फिरवलं.